चाचणीचे दोन दिवस

रविवार कारंज्यावर, चपलांच्या दुकानाला खेटून
साडेचार फुटांची माझी टपरी.
आजवर एकही किल्ला चढलेलो नाही,
उजवा गुडघा लहानपणापासून हट्टी.
पण मागचं झाकण उघडलं की
डोंगर ओळखता येतात मला.
हरिहरची माती तेलात कालवून लेप होते.
साल्हेरहून आलेल्या एका घड्याळात
गवताचं कुसळ निघालं होतं,
सेकंदकाट्याला आडवं पडलेलं.

दमयंती खैरनार दोन घड्याळं घेऊन आली.
एक वडिलांचं: काळी तबकडी, ठसठशीत आकडे,
काचेवर धोडपच्या कातळाची रेघ.
दुसरं नवं. त्याच कंपनीनं इतक्या वर्षांनी
पुन्हा काढलेलं, हुबेहूब.
"काका, फरक सांगा."

भिंग लावलं.
नव्याच्या काचेवर ओरखडा उठत नाही,
म्हणजे धोडपला तिच्यावर काही लिहिता येणार नाही.
आकड्यांना पिवळट झाक दिलीय मुद्दाम, जुनं दिसावं म्हणून.
वडिलांच्या आकड्यांवर ती
आपापली आली होती, घाई न करता.

"पण हे सोमवारी बंदच असतं. हप्त्यानं घेतलंय हो!"
"याला चावी नाही, बाई. आत अर्धचंद्रासारखं वजन आहे.
हात हलला की ते फिरतं, ते फिरलं की स्प्रिंग भरते.
तुम्ही काय करता?"
"अंबडला असते. कॉम्प्युटरवर ऑर्डरी चढवते."
चढवते, म्हणाली,
आणि तिचं तिलाच हसू आलं.
नवं तिच्या हातावर परत ठेवलं. त्यात बिघाड नव्हता.

मग जुन्याकडे बघत म्हणाली,
"सिव्हिलमधून पिशवीत घालून दिलं आम्हाला.
दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत चालू होतं.
आई कुणाला हात लावू देईना."
अशा वेळी मी डोळ्यावरचं भिंग काढत नाही.

साफ केलं, तेल दिलं.
आता नियम असा, की ऑटोमॅटिक असेल तर
दोन दिवस हातात घालून बघायचं.
पहिला दिवस टपरीत गेला. माझं मनगट हलतं ते किती,
चिमट्याएवढं. रात्री तीनला घड्याळ थांबलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा केली, पांडवलेण्याला.
पायऱ्या चढताना कान लावला तर
आत ते वजन सरकत होतं,
कुणीतरी पुढे चालतंय आणि
मागे वळून बघत नाही, तसं.
वर पोचलो असं सांगायला आवडलं असतं.
पेरूवालीपाशी बसलो, तिथंच गुडघा संपला.
खाली हायवे, ट्रकांची रांग. अंजनेरी धुरकट.
सेकंदकाटा मात्र कुठं अडखळत नव्हता.

बिल असं लिहिलं:
सफाई, तेल, रबरी कडं नवीन.
काच बदललेली नाही.
चाचणी: एकशे बारा पायऱ्या.
त्याचे पैसे लावलेले नाहीत.