खेकडा डावीकडून येतो

चोडणच्या धक्क्याला फेरीबोट टेकते,
लोखंडी फळी खाली येऊ लागते, तेव्हा
आधी हेल्मेटं दिसतात, मग हँडलं,
मग चाकं.
माणूस कोण ते सगळ्यात शेवटी,
काच वर झाल्यावर.
हा क्रम मला कुठल्या कोर्सात शिकवला नाही.
त्या फळीची साखळी बाबा सोडतात, सव्वीस वर्षं.
मी शाळेच्या दप्तरासकट टोकाशी उभी असायचे
आणि ते ओरडायचे, "मागे सर गो!"

आता त्याच बोटीने रायबंदरला कामाला जाते.
बेकरीच्या माडीवर स्टुडिओ,
सहा टेबलं, खोकणारा एसी,
दुपारी तीनला खालून उंड्यांचा वास.
पेनला घाम लागू नये म्हणून दोन बोटांचा हातमोजा;
काढायचा विसरून बोटीवर चढले की बायका विचारतात,
"भाजलं काय गो?"

पानावर सहा चौकटी.
त्यांत काड्यांची माणसं, अंड्याएवढं डोकं, नाक नाही.
बाण काढून सांगायचं, कॅमेरा कुठं सरकेल.
खाली लिहायचं:
खेकडा थांबतो. दोन सेकंद. फक्त लाट.

आमचा दिग्दर्शक ऑर्लांडो कमी बोलतो.
पान हातभर लांब धरून विचारतो,
"इथं बघतंय कोण?"
पहिला महिनाभर मला प्रश्नच कळला नाही.
मी खेकडा देखणा काढला होता,
नांग्यांवरच्या ठिपक्यांसकट.
ठिपक्यांकडे त्याने पाहिलंही नाही.
"वरून बघितलंस तर तो किडा.
वाळूत आडवी पड, मग सांग केवढा आहे."

रविवारी मिरामारला खरंच आडवी पडले.
शेजारी कटलेट-पाव खाणारं कुटुंब
उठून लांब जाऊन बसलं.
खेकडा बिळातून निघाला
तेव्हा त्याच्या मागे सगळं आकाश होतं.

आठवड्याला दोनशे चौकटी, शंभर रद्द.
पगार विचारू नका, मामा विचारतोच.
उरलेली पानं हैदराबादला जातात.
तिथं कुणी रंग भरतं, कुणी समुद्र हलवतं,
कुणी खेकड्याला आवाज देतं.
माझी एक रेघ त्यात राहत नाही.

पहिला भाग लागला तो रोझालिन आंटीकडे पाहिला,
तिचा टीव्ही मोठा म्हणून.
अकरा मिनिटं. नावं भरकन वर गेली,
माझं कुणालाच वाचता आलं नाही, मलासुद्धा.
बाबा म्हणाले, "ह्यात तुझं चित्र कुठलं?"
"चित्र नाही.
तो खेकडा डावीकडून येतो ना, आपण खालून बघतो,
ते."
आंटीने चहात बिस्किट बुडवलं, ते तुटलं.
बाबा बराच वेळ बंद टीव्हीकडे बघत होते.
मग म्हणाले, "आणि उजवीकडून आला असता तर?"
"तर घरी परत चाललाय असं वाटलं असतं."
"हां," ते म्हणाले.
एवढंच.

आज सकाळी धक्क्यावर मी नेहमीच्या जागी, टोकाशी.
मागे सर म्हणाले नाहीत.
साखळी सोडता सोडता
ते अर्धं पाऊल बाजूला झाले.
फळी उतरू लागली.
एक लाल हेल्मेट.
हँडलला अडकवलेली पिशवी,
पिशवीतून मान काढून
कोंबडी.