कोरा पडदा

सात, दोन, नऊ, चार.
मग पडदा कोरा. तीन सेकंद.
मग एकच आकडा आणि प्रश्न:
हा मघाशी होता का?

व्हेइक्को टिलिकाइनेन बटण दाबतो. हो. नाही. हो.
कवटीतून निघालेल्या वायरींची वेणी
उशीवरून माझ्या यंत्रापर्यंत.
कुओपिओचं इस्पितळ, पाचवा मजला, माझी रात्रपाळी.

आकडे दिसत असतात तेव्हाचं मला काही नको.
मला हवेत ते तीन सेकंद,
समोर काहीच नसताना
माणसानं मुठीत काहीतरी धरलेलं असतं ते.

तेव्हा माझ्याकडे एक लाट येते,
संथ, सेकंदाला सहा वेळा,
तिच्या पाठीवर बारीक शहारे.
एकेका शहाऱ्यावर एकेक आकडा बसतो, म्हणतात.
म्हणतात.
मला शहारे दिसतात. आकडे कधी दिसले नाहीत.

"बर्फाखाली जाळं असंच घालतात, राउनी,"
व्हेइक्को म्हणतो. चाळीस हिवाळे तो तळ्यावर आहे.
एक भोक इथे, दुसरं पार तिकडे.
दोरी बांधलेली फळी आत सोडायची
आणि आपण वरून चालायचं, कान खाली लावून.
फळी दिसत नाही.
फक्त टकटक, टकटक, बर्फाच्या पोटातून.
दुसऱ्या भोकात तिचं टोक वर आलं
की माणूस उगाचच हसतो.

"उत्तर दिल्यावर त्या आकड्यांचं काय करायचं?"
विसरायचे, मी म्हणते. पुढचे चार यायचेत.
"म्हणजे मासे परत पाण्यात."
मग जरा थांबून,
"गुरुवारी कापतील तेव्हा
टकटक ऐकणारा कान तेवढा ठेवा म्हणावं."

एक्केचाळिसाव्या फेरीत त्यानं बटण दाबलं नाही.

लाट फुगली. सगळे शहारे एकाच तालात आले,
शिस्तीत, कवायतीसारखे,
इतकी सुरेख लय मी रात्रभर पाहिली नव्हती,
आणि तिच्यात काहीच नव्हतं.
सगळे एकदम एकच शब्द ओरडले
की तो शब्द उरत नाही, नुसता आवाज उरतो.

मी खाटेशी धावले. त्याला कुशीवर वळवलं.
नियम असा की अशा वेळी रोग्याला एक शब्द द्यायचा.
मी त्याच्या कानाशी म्हणाले: होडी.
व्हेइक्को, होडी. लक्षात ठेव.
त्याचे डोळे छताच्या पलीकडे कुठेतरी.

नव्वद सेकंद.
मग त्यानं ओठ चाटले, खोली ओळखली,
माझा हात ओळखला.
मी कोणता शब्द दिला होता?

तो बराच वेळ गप्प.
खिडकीबाहेर बर्फ काढणारी गाडी मागे-पुढे, मागे-पुढे.

"तू काहीतरी म्हणालीस," तो म्हणाला.
"टकटक ऐकली मी.
टोक नाही आलं वर."

मी नोंद केली:
दोन वाजून सतरा मिनिटं. शब्द: होडी. आठवला नाही.

रकाना तेवढाच होता.