ओहो

मेव्शामामाने अंगणात दोन पाट मांडले,
कासवाच्या पाठीसारखे बुटके,
गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ.
एकावर स्वतः बसला.
विमानातून उतरलेले ट्रॉटमनसाहेब
उभेच राहिले. बूट ओले, काखेत फाइल.

परका माणूस आला की आमच्यात असं बोलतात:
एकाने श्वास पुरेल तेवढी ओळ गायची,
दुसऱ्याने ती खाली पडायच्या आत म्हणायचं, ओहो.
पुन्हा ओळ. पुन्हा ओहो.
असाच कुत्रा मागतात, किसणी मागतात, मुलगी मागतात,
असंच विचारतात, माझ्या भावाला तुमच्यातल्या कुणी मारलं का.
जो आधी थकतो, तो देतो.

मामाने सुरुवात केली:
मी म्हातारा आहे, मला नीट बोलता येत नाही
(खोटं. पण सुरुवात अशीच करायची असते),
माझ्या किसणीचे दगड झिजलेत,
माझी नदी उथळ, माझे मासे बारीक,
तू कुठल्या पाण्याने आलास?

आणि थांबला.

पायलट घड्याळ बघत होता. चारनंतर ढग उतरतात.
साहेब माझ्याकडे वळले, काय म्हणतात?
लेथमच्या वसतिगृहात सहा वर्षं काढून
इंग्रजी मिळवलेली मी,
म्हणाले, स्वागत म्हणतात.

मामाला कळलं.
लांबी कळायला भाषा लागत नाही.
त्याला सांग, म्हणाला, हुंकार दे,
माझे शब्द जमिनीवर पडतायत, कोंबड्या टिपतील.
मी सांगितलं. साहेब भले गृहस्थ.
मान डोलावली, म्हणाले, ओके.

मामाने तो शब्द क्षणभर पारखला,
नव्या चाकूची धार नखावर बघतात तसा,
आणि पत्करला.

मग दुपारभर चाललं.
साहेब नकाशाच्या घड्या उलगडत होते.
या रेघेच्या पलीकडे माझी बहीण पुरली आहे.
ओके.
डुकराचा माग लागला की कुत्री रेघ बघत नाहीत.
ओके.
मला विचारल्याशिवाय तू झाड मोजणार नाहीस.
ओके.
पुढच्या पावसाआधी स्वतः येशील, या पाटावर बसशील.
ओके, ओके.

मी भाषांतर कधी थांबवलं, ते मलाही आठवत नाही.
भीती होती की हुशारी,
ते अजून ठरत नाही.

शेवटी कागद पुढे आला. मामाने अंगठा दिला नाही.
हा एकदाच हो म्हणतो आणि गप्प बसतो,
म्हणाला, याला श्वास नाही.
आणि माझं तर त्याच्याशी बोलून झालंय.
साहेबांना कसावाची भाकरी बांधून दिली.
विमानाने धूळ उडवली, पाटावर बसली.

आता मी जॉर्जटाऊनला, त्याच खात्यात टायपिंग करते.
मागच्या महिन्यात ती फाइल हाती आली.
सल्लामसलत पार पडली.
गावाचा प्रतिसाद: अनुकूल. भाषेची अडचण: नाही.
खाली दुभाषी म्हणून माझं नाव, एक अक्षर चुकलेलं.
ट्रॉटमनसाहेब निवृत्त झालेत. मुलीकडे असतात, बर्बिसला.
पत्ता मी लिहून घेतलाय. गेले नाही.

रविवारी बिनतारी यंत्रावर गाव बोलतं.
मामाचा आवाज खरखरत येतो.
पाऊस दोनदा होऊन गेला, म्हणतो, तो आला नाही.
पाट मी आत नेलेला नाही.
वाळवीने एक पाय खाल्ला, नवा बसवला.

मग खरखर.
ऑपरेटर खुणावतो, बटण दाबा, बोलून झालं की 'ओव्हर' म्हणा.
मी बटण दाबते.
ओहो, म्हणते.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग मामा घसा साफ करतो,
आवाज वर चढवतो, मी लहानपणी लांबून ऐकायची तसा:
मी म्हातारा आहे,
मला नीट बोलता येत नाही.