पेइंग गेस्ट

माझ्या खोलीत आता बरखा मंडलोई राहते.
खरगोनची. पीएससीचा तिसरा प्रयत्न.
साडेसहा हजार महिना, दोन वेळचं जेवण धरून,
पाच तारखेच्या आत आईच्या हातात.

पुण्याच्या बसने पहाटे
मला राजीव गांधी चौकात सोडलं.
बाबा स्कूटर घेऊन उभे, मफलर कानांवरून.
एक बॅग त्यांच्या पायांत, दुसरी आमच्या दोघांच्या मधे.
चोइथरामपर्यंत कुणीच बोललं नाही.
मग त्यांनी विचारलं, "किती दिवस?"
आणि सिग्नल सुटल्यावर, "म्हणजे, असंच."

हॉलमधला दिवाण माझा.
त्याखालचा एक कप्पा आईने रिकामा केला,
लोणच्याच्या बरण्या सरकवून.
माझ्या एम.ए.च्या टिपणांना मोहरीचा वास येतो.

काही घ्यायला आत जायचं तर मी दार वाजवते.
कपाटाच्या आतल्या बाजूला, माझ्या स्टिकरांवर,
आता आणीबाणीची कलमं चिकटवलेली,
तीनशे बावन्न ते तीनशे साठ.
छतावरचे रेडियमचे तारे मात्र तिने ठेवलेत.
"दीदी, दो-तीन अभी भी जलते हैं."

सकाळी कचरागाडीचं गाणं ई सेक्टरच्या तोंडाशी आलं
की आई हातातलं टाकून डबे काढते.
"अगं, चहाचा चोथा सुक्यात? पुण्यात काय करत होतीस?"
पुण्यात मी काय करत होते
ते मलाच हल्ली सांगता येत नाही.
फाटकाशी गुळवेकाकू: "सुट्टी का गं?"
"हो, सुट्टी," आईच सांगते.
पाच महिने.

परवा बरखाचा निकाल लागला.
यादीत नाव नव्हतं.
रात्री बाराला दाराखालून उजेड,
आणि आई मऊ भात घेऊन आत गेलेली.
आईची हिंदी लग्नानंतरची, क्रियापदाशी अडखळते,
पण तेवढ्या हिंदीत ती म्हणाली,
"होता है बेटा. एक साल ऐसा भी जाता है. घर है ना ये."

मराठीत हे ती मला म्हणालेली नाही.
मराठीत ती मला विचारते, पोळ्या किती.

मी दिवाणावर, भिंतीकडे तोंड करून,
झोपल्यासारखी.
जेवढं ऐकू आलं तेवढं घेतलं,
कुणाला न विचारता.

आज शिकवणीचे पहिले पैसे आले.
दोन मुलं, सातवी, संस्कृत.
पाच तारीखच होती. आईपुढे ठेवले.
"हे काय?"
"भाडं."
तिने चष्मा लावला. अंगठा ओला करून मोजले, दोनदा.
मला वाटलं, परत देईल.
तिने ते रव्याच्या डब्यात, बरखाच्या नोटांखाली सरकवले,
झाकण दाबून लावलं.

"साडेचार हजार कमी आहेत," म्हणाली.
"चहा टाक. चौघांचा."