हळदीची पेटी

परवा हरिपूरची एक बाई दुकानात आली,
रिक्षातून, मांडीवर पेटी, चादरीत गुंडाळलेली,
तापातलं मूल आणावं तशी.
म्हणाली, पणजोबांची आहे, भाता फाटलाय.
आणि जमलं तर पट्ट्या पांढऱ्या करून द्या,
पिवळ्या बऱ्या दिसत नाहीत.

आम्ही मिरजेचे शिकलगार.
आधी तलवारी परजल्या, मग भोपळे कोरले.
पट्टीचं म्हातारपण कसं पिवळं होतं
ते मला ठाऊक आहे.
हे ते नव्हे.
नाक जवळ नेलं. हळद.

मग बाई बसली आणि सांगत सुटली.

दिवसा रामलिंग गुरव पेवात उतरायचा.
आधी दोरीनं कंदील सोडायचा खाली,
विझला तर थांबायचं,
जळत राहिला तर आपण.
हळकुंडं भरून वर यायचा,
कृष्णेच्या वाळूनं हात घासायचा,
आणि तसेच पिवळे हात घेऊन
सांगलीच्या बाजारामागल्या तंबूत
दुसऱ्या अंधारात शिरायचा.

पडद्याच्या पायाशी त्याची बैठक.
डावीकडे अमीन नदाफ, तबल्यावर.
घोडा दौडला की अमीनचा,
रडू आलं की रामलिंगचं,
अशी वाटणी होती दोघांत.
पाटी आली की नेमगोंडा उठायचा
आणि खड्या आवाजात वाचायचा,
पडद्यामागं बसणाऱ्या स्वस्तातल्या लोकांसाठी,
ज्यांना अक्षरं उलटी दिसायची
आणि सुलटी दिसून तरी
काय उपयोग होता.

एकदा राणी मरत होती
आणि रीळ अडकलं.
तिच्या गालावर तपकिरी डाग उठला, पसरला,
मरायच्या आधीच राणी जळून गेली.
लोक ओरडले, मालक ओरडला.
रामलिंगनं भात्यावरचा हात काढला नाही.
भैरवी चालली होती, ती चालूच ठेवली,
अमीन ठेका धरून, अगदी हळू,
बत्ती येईपर्यंत, पाऊण तास.
म्हणतात, त्या रात्री कुणी पैसे परत मागितले नाहीत.
म्हणतात. मी काही तिथं नव्हतो,
बाईही नव्हती.

पुढं चित्रं बोलायला लागली.
अमीन बँडात गेला, नेमगोंडा तंबाखूच्या वखारीत.
रामलिंगला काढताना मालकानं भलेपणा केला,
खुर्चीचा फुकट पास दिला.
सोळा वर्षं चित्रं वाजवलेला माणूस
पहिल्यांदाच समोर बसला.
बोटं गुडघ्यावर चालत राहिली,
शेजारी खेकसला, बाबा, पाय तरी हलवू नका.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, कसा होता?
तो म्हणाला,
माणसांची तोंडं एवढीशीच असतात होय.

त्याला ती कायम खालून दिसलेली.
हनुवट्या डोंगराच्या सोंडेसारख्या,
नाकपुड्यांची भुयारं,
डोळे कुठंतरी वर, तंबूच्या कापडाजवळ.
त्या डोळ्यांतलं पाणी खरंच गळलं असतं
तर थेट त्याच्या मानेवर पडलं असतं.
तो तसाच वाजवायचा बहुतेक,
मान आखडून,
आता पडेल, आता पडेल.

कडेच्या पट्ट्या घासल्या मी. निघाल्या पांढऱ्या.
मधल्या सप्तकाला हात लावला नाही.
बाईला सांगितलं, रंग आत मुरलाय, निघत नाही.
खोटं बोललो. निघाला असता.

मग जुना भाता उकलला.
घडीघडीत पिवळी पूड, शंभरेक वर्षांची,
आतल्या आत श्वास घेत बसलेली.
उकलल्याबरोबर ती वर आली
आणि मला सणसणीत शिंक आली.
मग बाईला.

दुकानभर टांगलेले तंबोरे
एकदम झणकारले,
न लावलेले, बेसूर, सगळेच.

थांबले. मजुरी सांगितली.
जास्त वाटली तिला.