सत्त्याऐंशीवा चौकोन

महालातल्या आमच्या कॉलेजात
आवर्तसारणीचा तक्ता खिडकीसमोर टांगलेला.
एप्रिलचं ऊन डावीकडचा रकाना आधी खातं.
सोडियम पिवळा पडला, सीझियम उडाला,
आणि सगळ्यांत खाली
फ्रान्सियमची अक्षरंच गेलीत.

परीक्षानळ्या धुता धुता रेवंताबाई निखारे विचारतात,
"ह्या डब्यात काय होतं जी?"

मी सांगतो: अख्ख्या पृथ्वीच्या कवचात
कुठल्याही क्षणी तीसेक ग्रॅम, अंदाजे.
"म्हणजे तीन तोळे," त्या हसतात,
"इतवारीत एका नवरीच्या अंगावर याच्याहून जास्त निघते."

तेही एका जागी नाही, बाई.
युरेनियमच्या दगडांत कणाकणानं सांडलेलं,
आणि बावीस मिनिटांत अर्धं.
पुढच्या बावीस मिनिटांत अर्ध्याचं अर्धं.
त्या घड्याळाकडे बघतात.
कूलरची टाकी भरायला एवढाच वेळ लागतो,
नळाला धार असली तर.

"रंग कोणता?"
कुणी पाहिला नाही.
डोळ्यांना दिसेल इतकं साठवायला जावं
तर आपल्याच उष्णतेनं वाफ होईल, म्हणतात.
"पाह्यलं नाही, मग आहे कशावरून?"

पॅरिसात एक मुलगी होती,
प्रयोगशाळेत मदतनीस, पदवी नसलेली.
अ‍ॅक्टिनियम शुद्ध करून द्यायचं, एवढंच काम.
इतरांना शुद्धीकरणाला इतका वेळ लागे
की पुरावा भांड्यातच विरून जाई.
हिचा हात चपळ.
ताज्या नमुन्याचा आकडा चढू लागला,
चढायला नको होता तिथे,
आणि तिनं तो खोडला नाही.

रेवंताबाईंनी नळ बंद केला.
हात फडक्याला पुसले, एकेक बोट सावकाश.

"मागच्या मे महिन्यात मी सांगतलं होतं,
सकाळी धुतलेल्या बशीचं वजन दुपारी वाढते म्हणून.
तुम्ही म्हणले, काटा बिघडला."

म्हणालो होतो.
रजिस्टरात 'त्रुटी' हा शब्द माझ्याच अक्षरात आहे,
खाली सही, सहीखाली रेघ.

मग बशी ठेवली.
काचेचं दार लावलं, काटा थरथरला, थांबला.
सकाळपेक्षा चार मिलिग्रॅम जास्त.
कूलरची ओल असेल,
की बशीला चिकटून राहिलेला एखादा क्षार,
मी उठलो कूलर बंद करायला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या,
"आधी आकडा लिवा.
जसा आला तसा."