पाइपाचं अक्षर

तळं आटलं त्या साली
आणि मे महिन्यात धानोऱ्याच्या तळ्याचा तळच पेटला.

ज्वाला नव्हत्या. नुसता धूर,
चुलीत ओली गोवरी घुसमटावी तसा.
किती पिढ्यांचं पाणकणीस, मुळावर मूळ, थरावर थर,
कुजता कुजता पाण्याखाली थांबलेलं,
ते आता आतल्या आत जळत होतं.
आम्ही अहमदपूरहून गाडी घेऊन पोचलो,
खाजाभाईनं बूट काढून पाय टेकवला
आणि लगेच उचलला.
"ही वरची आग न्हाई," म्हणाला,
"ही खालून चालायलीय."

पाणी एक टाकी.
दुसरी भरायला विहीर कुठे होती?
गावच टँकरची वाट बघत होतं,
आणि आमची लाल गाडी पाहून
दोन बाया घागरी घेऊन आल्या होत्या.
साहेब म्हणाले, फेस मारा.
निळे कॅन उघडले, शंभराला तीन,
वर पिवळी पूड, जिथे धूर दाट तिथे.
भर उन्हात पांढरेशुभ्र ढीग.
पोरं नाचली. एकानं फेसाची दाढी लावली.
मीही हसलो,
सांगून टाकतो.

चौथ्या दिवशी धूर थांबला.
पेपरात फोटो आला, त्यात माझी पाठ आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सहज गेलो.
मोटारसायकल बांधावर लावली आणि
मला माझंच अक्षर दिसलं.

जिथे नुसतंच जळलं होतं तिथे काळं,
आणि त्या काळ्यात
पाणकणसाचे कोंब, सुयांसारखे, विरळ,
घाई नसलेले.
जिथे मी पाइप फिरवला होता
तिथे गाजरगवत, कंबरेएवढं,
पांढरं फुललेलं, जणू फेस अजून विरलाच नाही.
कडेकडेनं वळण. मधे एक गाठ,
तिथे माझा पाय घसरला होता.
एक लांब रेघ थरथरलेली,
तेव्हा हात भाजला होता.
कुणीही वाचू शकलं असतं.

बोळेगावे मॅडम कॉलेजातून यायच्या,
माती न्यायच्या बिस्किटाच्या पुड्यांत,
प्रत्येकावर पेनानं आकडा.
म्हणाल्या, त्या पुडीत एक प्रकारे खतच असतं.
या मातीला उपाशी राहायची सवय होती,
हिला एकदम जेवण वाढलं
तर आधी कोण धावत येणार?
फेसाचं मात्र त्यांना नक्की माहीत नव्हतं.
"बघावं लागेल," म्हणाल्या, आणि बघत राहिल्या
तीन वर्षं. मग त्यांची बदली झाली.

केराबाई याच पाणकणसाच्या चटया विणायची.
तिला विचारायचं धाडस दुसऱ्या वर्षी केलं.
ती विळा घासत होती.
"आगीनं नेलं ते येतंय हळूहळू," म्हणाली.
"तुमी इझवलं तेवढं मातर..."
पुढचं तिनं विळ्यालाच सांगितलं.
मी म्हणालो, न विझवतो तर?
तिनं गावाकडं पाहिलं.
"तर त्या कडब्याच्या गंजी गेल्या असत्या.
घरंबी. माझंबी."
मग गाजरगवताकडं पाहिलं,
खाजवून लाल झालेले हात दाखवले,
आणि आम्ही दोघं बराच वेळ
काहीच बोललो नाही.

आता मी निवृत्त आहे.
खाजाभाईनं एक रिकामा निळा कॅन कापून
स्टेशनात कढीपत्ता लावला होता;
तो गेला. दुसरा लावला, तोही.
ते कॅनमुळे की खाजाभाईमुळे, देव जाणे.

मी दर वर्षी जातो, पावलं मोजतो.
यंदा गाजरगवत सात पावलं मागे सरलंय
पश्चिमेकडून. पूर्वेकडून नाही.
गुडघ्यावर बसून उपटतो थोडं,
रात्री अंग खाजतं.

तळ्याच्या दक्षिण टोकाला
माझं शेवटचं अक्षर अर्धंच आहे.
तिथे टाकी संपली होती.
पाइप खोकला, दोन गुळण्या आल्या आणि बंद,
मी शिवी हासडली होती, आठवतंय.
धूर तिथेच जागच्या जागी थकून मेला होता.

त्या अर्ध्या अक्षराच्या पुढे
डोक्यावरून जाईल असं पाणकणीस उभं आहे.
केराबाई कापायला तिथूनच सुरुवात करते.